गेम फेअरचा एक दिवस : इंग्लंडमधील ग्रामीण मेळ्याला जाणाऱ्यांसाठी

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या किंवा उन्हाळ्यात मुलांकडे मुक्कामाला येणाऱ्या मराठी माणसांनी एकदा तरी गेम फेअर पाहावा, असे मी गेली काही वर्षे ओळखीच्या सर्वांना सांगत आलो आहे, आणि जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो : तिथे प्राणी मारतात का? या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते मिळाल्याखेरीज पुढच्या तयारीत कोणालाच रस वाटणार नाही. मेळ्याच्या मैदानावर कोणत्याही जिवंत प्राण्याची किंवा पक्ष्याची शिकार होत नाही. ‘गेम’ या शब्दाचा अर्थ इथे खेळ असा नाही. ज्यांची शिकार करण्यास इथल्या कायद्याने मुभा आहे असे पक्षी आणि प्राणी, असा तो आहे. त्या शिकारीचे हंगाम ठरलेले असतात. ग्राऊस या माळावरच्या, रानकोंबडीसारख्या पक्ष्याचा हंगाम १२ ऑगस्टला सुरू होतो, तित्तिरांचा १ सप्टेंबरला आणि फेझंट या लांब शेपटीच्या पक्ष्याचा १ ऑक्टोबरला. मोठा गेम फेअर भरतो तो जुलैच्या अखेरीस, म्हणजे हे हंगाम उघडण्यापूर्वी, जेव्हा रानाचे राखणदार, कुत्र्यांना शिकवणारे, ससाणे पाळणारे आणि बंदुका बनवणारे कारागीर यांना एकत्र येण्यास सवड असते. आपण पाहायला जातो ते या लोकांचे कसब.

पहिला गेम फेअर १९५८ साली न्यूमार्केटजवळच्या स्टेचवर्थ येथे भरला. जमीनमालकांच्या कंट्री लँडओनर्स असोसिएशन या संघटनेने तो सुरू केला आणि २०१५ पर्यंत, हेअरवुड हाऊसच्या मेळ्यापर्यंत, तीच आयोजक होती. त्यानंतर नव्या आयोजकांनी तो चालू ठेवला असून वॉरिकशायरमधील रॅगली हॉल, हर्टफर्डशायरमधील हॅटफील्ड हाऊस आणि ऑक्सफर्डजवळचा ब्लेनिम पॅलेस अशा जुन्या वाड्यांच्या विस्तीर्ण आवारांत तो भरत आला आहे. स्थळ बदलते, त्यामुळे मागच्या वर्षीच्या आठवणीवर विसंबून गाडी काढू नये. स्कॉटलंडमध्ये पर्थजवळच्या स्कोन पॅलेस येथे वेगळा मेळा भरतो, आणि याशिवाय जवळजवळ प्रत्येक परगण्यात एक-दोन दिवसांचे लहान मेळे असतात. लहान मुले किंवा वयस्कर आईवडील सोबत असतील तर पहिला अनुभव अशा लहान मेळ्यात घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण तिथे चालणे कमी पडते आणि राखणदाराशी निवांत बोलता येते. पुढचे वर्णन मात्र मोठ्या मेळ्याला धरून आहे. तो जमला की लहान मेळ्याला वेगळी तयारी लागत नाही.

दिवस निवडणे आणि वेळापत्रक वाचणे

मोठा मेळा शुक्रवार ते रविवार असा तीन दिवस चालतो. सुट्टी घेता येत असेल तर शुक्रवार घ्यावा. शनिवारी कुटुंबांची गर्दी सर्वांत जास्त असते आणि ज्या ठिकाणी स्वतः हात लावून पाहायचे आहे तिथल्या रांगा लांबतात. तिकीट आधीच इंटरनेटवरून काढावे, ते प्रवेशद्वारावरच्या तिकिटापेक्षा साधारणतः स्वस्त पडते, आणि त्याची प्रत फोनमध्ये उतरवून किंवा कागदावर छापून ठेवावी. हजारो माणसे एकाच माळावर जमली की फोनचे जाळे मंदावते आणि दारात उभे राहून तिकीट उघडत नाही.

तिकिटानंतरचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे आदल्या रात्री वेळापत्रक घेऊन बसणे. पहिल्या वर्षी आम्ही ते केले नाही. सकाळी दहाला पोहोचलो, समोर दुकानांच्या रांगा दिसल्या, त्या पाहता पाहता एक वाजला, आणि ज्या कुत्र्यांसाठी मुलगी महिनाभर वाट पाहत होती त्यांचे मुख्य प्रात्यक्षिक संपून गेले होते. तेव्हापासून मी एक नियम पाळतो : दिवसाचे तीन खुंटे आधी रोवायचे. एक खुंटा प्राण्याच्या कामाचा, म्हणजे शिकारी कुत्री किंवा मेंढपाळ कुत्री. दुसरा पक्ष्याचा, म्हणजे ससाणे. आणि तिसरा स्वतःच्या हाताचा, म्हणजे नेमबाजी किंवा गळ टाकण्याचा धडा. या तिघांच्या वेळा ठरल्या की दुकाने, खाणे, फेरेट या मुंगसासारख्या लांबट पाळीव प्राण्यांच्या शर्यती, लाकूड कोरणारे, घोड्यांचे नाल ठोकणारे, हे सगळे मधल्या जागांत बसते. उलट क्रमाने गेल्यास ते बसत नाही.

सोबत काय घ्यावे

जमीन गवताची आणि उंचसखल असते. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर वाहनतळापासूनच चिखल लागतो, आणि ऊन असेल तर सावली फारशी कुठे मिळत नाही. त्यामुळे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट गाडीत ठेवावेत आणि पायांत घोट्याला आधार देणारे, आधी वापरून सैल झालेले बूट घालावेत. हलके जलरोधक जाकीट, कड असलेली टोपी, ऊन लागू नये म्हणून लावायचे मलम आणि पाण्याच्या बाटल्या हव्यात. ज्यांना परागकणांचा त्रास होतो त्यांनी सकाळीच गोळी घ्यावी, कारण इंग्लंडमध्ये गवताचा पराग जून-जुलैत भरात असतो. पूर्ण लांबीची विजार घालावी. त्याचे कारण शेवटी येईल. बहुतेक ठिकाणी कार्ड चालते, पण जाळे बंद पडले की यंत्रही बंद पडते, म्हणून थोडी रोकड जवळ असावी.

नेमबाजीचा आणि मुख्य मैदानावरच्या तोफांचा आवाज काही वेळा अचानक येतो. तान्ह्या मुलांसाठी कानांवर बसवायची संरक्षक साधने न्यावीत. लहान मुलांच्या मनगटावर आपला फोन क्रमांक शाईने लिहावा आणि हरवल्यास भेटण्याची जागा प्रवेश करताच दाखवून ठेवावी. वाडा किंवा मुख्य मैदानाचा मोठा ध्वज ही खूण चांगली, तंबू नव्हे, कारण शेकडो तंबू सारखेच दिसतात.

पोहोचणे

मेळा रॅगली हॉलला असेल, तर तो ऑल्सेस्टर गावाजवळ, बर्मिंगहॅमपासून सुमारे वीस मैलांवर आहे. १६८० साली रॉबर्ट हूक यांनी आराखडा केलेला हा वाडा आहे. विज्ञानाच्या पुस्तकात स्प्रिंगचा नियम शिकताना भेटलेले हूक ते हेच. रेल्वेने येणाऱ्यांना रेडिच हे जवळचे स्थानक असून बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटहून तिथे थेट गाडी येते, पण पुढे टॅक्सी किंवा आयोजकांनी ठेवलेली बस असल्याची आधी खात्री करावी लागते. माझ्या मते कुटुंबासाठी स्वतःची गाडी हाच सोपा मार्ग आहे. दारे उघडण्याच्या वेळेच्या अर्धा तास आधी परिसरात पोहोचल्यास गावरस्त्यांवरची कोंडी टळते. दिशादर्शक यंत्र काही वेळा अरुंद गल्लीतून नेते. शेवटचे दोन-तीन मैल मात्र रस्त्यावर लावलेल्या मेळ्याच्या पाट्या पाहूनच जावे. वाहनतळ म्हणजे एक मोठे शेत. गाडी लावल्यावर रांगेचा क्रमांक आणि जवळचे झाड यांचे छायाचित्र काढून ठेवावे.

पाळीव कुत्रा सोबत नेता येतो आणि पुष्कळ जण नेतात, परंतु तो सतत पट्ट्याला बांधलेला हवा, आणि जुलैच्या उन्हात त्याला गाडीत कधीही ठेवू नये, काचा उघड्या असल्या तरीही.

कुत्र्यांचे मैदान

आत गेल्यावर दुकानांच्या रांगा ओलांडून सरळ कुत्र्यांच्या मैदानाकडे जावे. सकाळचा गारवा असतो तोवर कुत्री उत्तम काम करतात, आणि दोरीच्या कडेला बसायला जागाही मिळते.

पाहताना नेमके काय पाहायचे हे माहीत असले तर हा मेळ्यातला सर्वांत समृद्ध भाग आहे. लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर यांचे काम पडलेले सावज शोधून आणण्याचे. लॅब्राडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर राहत आणि एकोणिसाव्या शतकात ते ब्रिटनमध्ये आले. गोल्डन रिट्रीव्हरची पैदास लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी स्कॉटलंडमधील गिसाकन येथे १८६८ पासून केली. स्प्रिंगर आणि कॉकर स्पॅनियल यांचे काम वेगळे : झुडपांत शिरून, नाक जमिनीला लावून, मालकासमोर डावीकडून उजवीकडे फिरत रान उठवायचे. आपल्याकडे हाकारे जे काम ढोल आणि आरोळ्यांनी करीत ते हा लहानसा कुत्रा शेपूट हलवत एकटा करतो. प्रात्यक्षिकात सावजाऐवजी कॅनव्हासची भरलेली गुंडाळी वापरतात.

नवखा प्रेक्षक धावणाऱ्या कुत्र्याकडे पाहतो. माझी विनंती अशी की बसलेल्या कुत्र्याकडे पाहावे. चार-पाच कुत्री एका ओळीत बसवलेली असतात, त्यांच्या डोक्यावरून गुंडाळ्या फेकल्या जातात, बार उडतो, शेजारच्या कुत्र्याला नाव घेऊन पाठवले जाते, आणि बाकीची जागची हलत नाहीत. ज्याच्या रक्तात धावणे आहे त्याने न धावणे, हे शिकवायला महिनोन्‌महिने लागतात. त्यानंतरची अवघड पायरी म्हणजे न पाहिलेली वस्तू आणणे. गुंडाळी आधीच लपवलेली असते. शिक्षक कुत्र्याला एका दिशेने सोडतो, शंभर पावलांवर एकच शिट्टी वाजवतो, कुत्रा थबकून वळून बसतो, शिक्षक हात उजवीकडे करतो आणि कुत्रा उजवीकडे जातो. थांबण्यासाठी एक शिट्टी, परत येण्यासाठी लागोपाठ काही छोट्या शिट्ट्या, असा सर्वसाधारण संकेत आहे. शिट्ट्यांवरही क्रमांक असतात, २१०.५ आणि २११.५ असे, कारण क्रमांक सारखा म्हणजे स्वर सारखा, आणि एक शिट्टी हरवली तर त्याच स्वराची दुसरी मिळाली पाहिजे.

माझे वडील साताऱ्याहून आले होते तेव्हा त्यांना इथे नेले. आयुष्यभर बैलांबरोबर काम केलेला माणूस. इंग्रजी फारसे येत नाही. शिक्षकाने कुत्र्याला एकदाही मोठ्याने हाक मारली नाही ही गोष्ट त्यांच्या प्रथम ध्यानात आली, माझ्या नाही. नंतर ते दोरीपाशी गेले, खुणेने कुत्र्याचे वय विचारले, आणि त्या बाईंनी बोटांनी चार दाखवून कुत्र्याला त्यांच्यासमोर बसवले. प्रात्यक्षिक संपल्यावर पाच मिनिटे थांबावे ते याच कारणासाठी. ही माणसे आपल्या कामाविषयी विचारलेल्या प्रश्नाला मनापासून उत्तर देतात. रोज किती वेळ शिकवता, कोणत्या वयात सुरुवात केली, चुकला तर काय करता, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. कुत्र्याला हात लावण्यापूर्वी मात्र विचारावे, कारण ते कामावर असते.

जवळच सर्वसामान्यांच्या घरच्या कुत्र्यांसाठी घड्याळ लावून गुंडाळी आणण्याची स्पर्धा असते. आपला लॅब्राडोर घरी चेंडू आणत असेल तर त्याला उतरवण्यास हरकत नाही. नाव तिथेच नोंदवता येते.

नेमबाजीचा धडा

ज्याने आयुष्यात बंदूक हातात धरली नाही त्यालाही इथे कायदेशीररीत्या ती चालवता येते. ब्रिटनमध्ये छर्ऱ्यांची बंदूक बाळगण्यास पोलिसांचा परवाना लागतो, परंतु १९६८ च्या फायरआर्म्स कायद्यात अशी सोय आहे की पोलीसप्रमुखांनी मान्य केलेल्या जागी व वेळी कृत्रिम लक्ष्यांवर परवान्याशिवायही नेम धरता येतो. त्यापूर्वी एका छोट्या अर्जावर सही करावी लागते. तीन महिने किंवा अधिक कारावासाची शिक्षा झालेल्या व्यक्तीला ठरावीक काळ, आणि तीन वर्षे किंवा अधिक शिक्षा झालेल्याला कायमची, बंदूक हाताळण्यास मनाई आहे, आणि ही सही त्याविषयीची हमी असते. वयाची व उंचीची अट प्रत्येक चालक आपापली ठरवतो.

लक्ष्य म्हणजे ११० मिलिमीटर व्यासाची ठिसूळ तबकडी, जी यंत्रातून आकाशात भिरकावली जाते. तिला आजही ‘क्ले पिजन’ म्हणतात, कारण पूर्वी पिंजऱ्यातून खरी कबुतरे सोडून हा खेळ खेळत. ब्रिटनने तो प्रकार १९२१ साली कायद्याने बंद केला. अथेन्स येथे २००४ साली राज्यवर्धनसिंह राठोड यांनी भारतासाठी ऑलिंपिकचे रौप्यपदक जिंकले ते अशाच तबकड्या फोडून, हे मुलांना सांगितले की रांगेतला वेळ बरा जातो.

धड्याची कृती अशी असते. आधी आपला प्रबळ डोळा कोणता ते पाहावे, घरूनच पाहून गेलात तर उत्तम : दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या खांबाकडे बोट दाखवा, मग डावा डोळा मिटा, बोट खांबावरच राहिले तर उजवा डोळा प्रबळ, सरकले तर डावा. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रबळ असेल तर शिक्षकाला तसे सांगावे, तो चष्म्यावर चिकटपट्टी लावून किंवा डोळा मिटायला सांगून उपाय करील. कानांवर आवाजरोधक आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा लावल्याखेरीज पुढे जाऊ देत नाहीत. किरकोळ अंगाच्या व्यक्तीने बारा बोअरऐवजी वीस बोअरची हलकी बंदूक मागावी (बोअर हे नळीचे माप, आकडा मोठा तितकी नळी बारीक). डावा पाय पुढे, वजन पुढच्या पायावर, दस्ता खांद्याच्या खळग्यात घट्ट, गाल दस्त्याला टेकलेला. दस्ता सैल धरला तर धक्क्याने खांदा दुखावतो. मग नळीकडे पाहायचे नाही, तबकडीकडे पाहायचे. नळी तबकडीच्या मागून आणत तिच्या पुढे न्यायची आणि हात चालता असतानाच चाप ओढायचा. नवशिक्याचा नेम चुकतो तो बहुतेक वेळा चाप ओढताना हात थांबवल्यामुळे, त्यामुळे छर्रे तबकडीच्या मागून जातात. माझ्या मुलीची तिसरी तबकडी फुटली. मला आठ लागल्या.

शिस्त एकच आणि ती पूर्ण : शिक्षकाने हातात दिल्याखेरीज बंदुकीला स्पर्श करायचा नाही, नळी सदैव मैदानाच्या दिशेने, आणि बार काढून झाल्यावर वळायचे नाही, तर शिक्षक बंदूक काढून घेईपर्यंत तसेच उभे राहायचे.

दुपारचे खाणे

खाण्याची दुकाने भरपूर असतात आणि हरणाचे, फेझंटचे, कबुतराचे, सशाचे मांस चाखण्याची ही चांगली संधी असते. हरणाचे मांस गोमांसासारखे दिसते, आणि काही ठिकाणी वड्यांमध्ये किंवा सॉसेजमध्ये डुकराची चरबी मिसळतात, म्हणून जे पाळायचे आहे ते स्पष्ट विचारून घ्यावे. कोणी वाईट मानत नाही. बंदुकीने मारलेल्या पक्ष्यात एखादा छर्रा राहिलेला असू शकतो, तेव्हा सावकाश चावावे. शिसे शरीरास घातक असल्यामुळे असे मांस वारंवार खाणाऱ्यांनी, आणि विशेषतः लहान मुले व गर्भवती स्त्रियांनी, ते कमी करावे असा ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेचा सल्ला आहे.

शाकाहारी माणसाला चीज, पाव, बटाटे, आइस्क्रीम आणि स्ट्रॉबेरी यांवर दिवस काढता येतो, पण रांगा आणि किमती पाहता घरची शिदोरी न्यावी हेच बरे. बाहेरचे अन्न नेण्याचा नियम आयोजकांच्या पानावर तपासून घ्यावा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि काकडी, सतरंजी झाडाखाली पसरून. बारापूर्वी किंवा दोननंतर जेवल्यास सावलीची जागा मिळते.

ससाणे

दुपारनंतरचा खुंटा पक्ष्यांचा. आकाश तापले की वारा वर उठतो आणि मोठे पक्षी त्यावर तरंगतात. प्रात्यक्षिकात बहुधा दोन जातींचे पक्षी दिसतात. हॅरिस हॉक हा मूळचा अमेरिका खंडातला, रानात कळपाने शिकार करणारा, म्हणून माणसाशी लवकर जुळवून घेणारा पक्षी. तो झाडावरून हातमोज्यावर आणि हातमोज्यावरून प्रेक्षकांच्या डोक्यांवरून परत झाडावर असा खाली-खाली उडतो. दुसरा बहिरी ससाणा. सूर मारताना ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेग गाठणारा, जगातला सर्वांत वेगवान पक्षी. त्याची शाहीन ही उपजात आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर घरटी करते, तेव्हा गडांवर भटकणाऱ्यांनी तो कदाचित नकळत पाहिलेलाही असेल.

ससाणेवाला दोरीच्या टोकाला पंख आणि मांसाचा तुकडा बांधलेले आमिष गरगर फिरवतो, ससाणा त्यावर झेपावतो, आणि ससाणेवाला शेवटच्या क्षणी आमिष बाजूला ओढतो. हे पाहून मुलांना पक्ष्याची फसवणूक होते असे वाटते. वस्तुतः हा व्यायाम असतो, आणि शेवटी आमिष पक्ष्याला मिळतेच. पक्ष्याच्या पायांतील कातडी पट्ट्या, घुंगरू, डोक्यावरची कातडी टोपी आणि शेपटीजवळचा रेडिओसंदेश पाठवणारा छोटा प्रक्षेपक या चार गोष्टी जवळून पाहून घ्याव्यात. पहिल्या तीन फार जुन्या आहेत. घुंगरांच्या बाबतीत तर युरोपातले जाणकार लाहोरी घुंगरांचे नाव आजही आदराने घेतात. चौथी आपल्या काळातली, पक्षी हरवू नये म्हणून. २०१० साली युनेस्कोने या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले.

उड्डाण चालू असताना पक्ष्याजवळून कुत्रा नेऊ नये, मुलाला खांद्यावर उचलू नये आणि खाण्याचा पदार्थ हात उंच करून धरू नये. हातमोज्यावर पक्षी घेण्याची संधी काही तंबूंत असते. ती घ्यावी : मनगटावर पक्षी किती हलका असतो आणि त्याची पकड किती घट्ट, हे पाहून कळत नाही.

पाण्याकाठी

तळ्याकाठचा भाग शांत असतो, म्हणून चारनंतर तिकडे जावे. इथे कृत्रिम माशी लावून गळ टाकण्याचा धडा गवतावर किंवा पाण्यावर देतात, बहुधा आकडीऐवजी दोरीला लोकरीचा धागा बांधून. यात वजन माशीला नसते, दोरीला असते, म्हणून जोर लावून उपयोग नाही. मनगट ताठ ठेवून काठी घड्याळातल्या दहापासून एकपर्यंत मागे न्यावी, दोरी मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबावे, आणि मगच पुढे आणावी. सगळी विद्या त्या थांबण्यात आहे. पुरुष मंडळी घाई करतात आणि दोरी पाठीत येऊन पडते; मुले सांगितल्याप्रमाणे थांबतात, आणि त्यांची दोरी सरळ जाते.

नंतर कुठे मासेमारीला जाण्याची इच्छा झाली तर लक्षात असू द्यावे की इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यात गळ टाकणाऱ्या तेरा वर्षे व त्यावरील प्रत्येकाला परवाना लागतो. तेरा ते सोळा वयोगटाला तो विनामूल्य मिळतो. शिवाय त्या पाण्याच्या मालकाची किंवा क्लबची परवानगी निराळी.

बंदूककारांची रांग आणि खरेदी

बंदूककारांच्या तंबूंत काही विकत घ्यायचे नसले तरी अर्धा तास अवश्य घालवावा. १८१२ ची बर्मिंगहॅमची वेस्टली रिचर्ड्स, १८१४ ची लंडनची पर्डी, १८३५ ची हॉलंड अँड हॉलंड ही घराणी भारतीय संस्थानिकांनाही बंदुका बनवून देत. आडव्या जोड नळ्यांची दुनळी आणि एकावर एक नळ्यांची दुनळी यांतला फरक विचारावा, पोलादावरचे कोरीवकाम भिंगातून पाहावे. उत्तम प्रतीच्या नव्या लंडनी दुनळीची किंमत लाखभर पौंडांच्या पुढे जाते, आणि ती तयार होण्यास वर्षे लागतात. नळ्यांवरचे बारीक शिक्के सरकारमान्य चाचणीगृहाचे असतात. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ पासून चालू आहे.

सुऱ्या सुंदर मिळतात, पण कायदा कडक आहे. तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा, घडी होणारा आणि उघडल्यावर पाते पक्के न अडकणारा चाकू सोडला तर योग्य कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी सुरी बाळगणे गुन्हा आहे. घेतलीच तर वेष्टनात ठेवून थेट गाडीच्या डिकीत ठेवावी. शिंगांच्या वस्तू, पिसे, कातडी भारतात नेण्याच्या विचाराने घेऊ नयेत. वन्यजीवांच्या अवयवांबाबत तिकडचे निर्बंध कठोर आहेत. लोकरी टोपी, वेताची टोपली किंवा मेंढीच्या शिंगाची नव्हे तर साध्या हेझेलच्या लाकडाची काठी, ही आजीआजोबांसाठी चांगली भेट ठरते.

मनात येणारे प्रश्न

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली, आणि त्या संस्कारात वाढलेल्या आपल्या मनाला हा सारा व्यवहार खुपू शकतो. ते खुपणे मी दडपत नाही आणि इतरांनीही दडपू नये. ब्रिटनमध्येही याविषयी तीव्र मतभेद आहेत. कुत्र्यांकरवी रानटी सस्तन प्राण्यांची शिकार इंग्लंड व वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने बंद झाली, तो फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे. मैदानात शिकारी कुत्र्यांचे जथे दिसतात ते संचलनापुरते. ग्राऊसच्या माळांवर हेन हॅरिअरसारखे शिकारी पक्षी बेकायदा मारले जातात, ही पक्षिप्रेमींची गंभीर तक्रार आहे. दुसऱ्या बाजूला राखणदार सांगतात की कुंपणे, झुडपी पट्टे आणि पाणथळी आम्ही राखतो म्हणून इतर पक्षीही तगतात. बैलगाडा शर्यतीवरून न्यायालयापर्यंत गेलेला आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालेला वाद ज्यांनी जवळून पाहिला त्यांना या वादाची जात ओळखीची वाटेल.

मेळ्यात राखणदारांच्या आणि संवर्धन संस्थांच्या तंबूंत जाऊन हे प्रश्न सभ्यपणे विचारता येतात. मी विचारले आहेत. एका वृद्ध राखणदाराने मला बाकावर बसवून, त्याच्या रानात चंडोल आणि टिटव्या कुठे अंडी घालतात त्याचा नकाशा काढून दाखवला. शिकारी पक्ष्यांविषयी विचारल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला की आमच्यातल्या काहींनी लाज आणली. दोन्ही गोष्टी मी तितक्याच खऱ्या मानतो.

परतताना

मुख्य मैदानावरचा शेवटचा कार्यक्रम संपताच सगळ्या गाड्या एकदम निघतात. एक तर त्याच्या अर्धा तास आधी निघावे, नाहीतर उरलेला चहा आणि शिदोरी गाडीपाशी उघडून तासभर निवांत बसावे. मधल्या वेळी निघणे सर्वांत त्रासाचे. निघण्यापूर्वी बूट गवतावर घासून चिखल काढावा.

घरी पोहोचल्यावर, मुले झोपण्यापूर्वी, सर्वांचे अंग नीट पाहावे : घोटे, गुडघ्यामागची घडी, कंबर, काखा, आणि मुलांच्या केसांची कड. उंच गवतात गोचिडी असतात आणि काहींपासून लाइम हा रोग होतो. लांब विजार घालायला सांगितली ती यासाठी. गोचीड दिसली तर टोकदार चिमट्याने कातडीला अगदी लागून धरावी, न पिळता सावकाश सरळ वर ओढावी आणि जागा साबणाने धुवावी. तेल, चुना किंवा उदबत्तीचा चटका हे घरगुती उपाय करू नयेत. तारीख लिहून ठेवावी, आणि पुढील काही आठवड्यांत, अगदी तीन महिन्यांपर्यंतही, तिथे पसरत जाणारा गोल लालसर चट्टा उठला किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीचा उल्लेख करून दाखवावे. कुत्रा सोबत होता तर त्याचे कान आणि पायांच्या बोटांमधली जागाही पाहावी.

वेळापत्रकाचा कागद मी फेकत नाही. जे पाहायचे राहिले त्यावर खूण करून तो खणात ठेवतो, आणि पुढच्या जुलैत तीन खुंटे ठरवताना प्रथम तोच काढतो.